वऱ्हाडची बोली आणि मालिकेंतील राधिका

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर नांवाचें एक गांव आहे. जुन्या ग्रंथांत त्याचें नांव ऋद्धिपूर असें येतें. तेराव्या शतकांत गोविंदप्रभु ऊर्फ गुंडम राऊळ हे महापुरुष तेथें राहत असत. चक्रधरस्वामी उत्तरापंथें निघून गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी याच गांवीं गोळा झाली, आणि तेथल्या वाजेश्वरीच्या देवळांत बसून म्हाइंभटांनीं शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलें. मराठी गद्याचा आरंभ सांगतांना आजहि या ग्रंथापासून सांगावा लागतो. त्याची रचना मोठी लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांत एक सलग कथानक नाहीं. लहान लहान लीळा आहेत, आणि प्रत्येक लीळा एखाद्या दिवसापुरती आहे. कोणी काय रांधलें, कोण कोणावर रुसलें, कोणास थंडी वाजली, कोणीं काय विचारलें, अशा घरगुती गोष्टींतून तेथें तत्त्वज्ञान उभें राहतें.

या मंडळींत महदाइसा ऊर्फ महदंबा ही विधवा बाई होती. नागदेवाचार्यांची ती चुलत बहीण. प्रश्न विचारून समोरच्याला सळो कीं पळो करावें, असा तिचा स्वभाव होता व त्याबद्दल खुद्द चक्रधरांनीं तिची वाखाणणी केलेली आहे. पुढें गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगीं तिनें रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचून गाइले, आणि मराठीची पहिली ज्ञात कवयित्री म्हणून तिचें नांव राहिलें. म्हणजे रिद्धपूरला लग्नाचा एक सोहळा मांडला गेला, त्यासाठीं एका बाईनें गाणीं केलीं, आणि तीं ऐकावयास भोंवतीं माणसें बसलीं होतीं. नाट्य हा शब्द या प्रसंगास कोणी लावीत नाहीं. परंतु त्याच्या फार दूरचाहि हा प्रसंग नव्हे.

गोविंदप्रभूंच्या मागें पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशिराज हा त्यांचा पंडित शिष्य संस्कृतांत ग्रंथरचना करूं पाहत होता. आचार्यांनीं त्यास अडविलें. संस्कृतांत लिहिलेंस तर आपल्या म्हाताऱ्या त्यास मुकतील, असें त्यांचें कारण होतें. स्मृतिस्थळांत ही हकीकत आली आहे. भाषेच्या निवडीचा एवढा मोठा प्रश्न त्यांनीं घरांतल्या अशिक्षित वृद्धेकडे पाहून सोडविला, हें मराठीच्या इतिहासांत पुन्हां पुन्हां घडलेलें नाहीं.

या जुन्या गोष्टी आठवण्याचें कारण असें कीं, त्यानंतर सातशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१६ च्या ऑगस्ट महिन्यांत, घरांतल्या म्हाताऱ्यांसाठीं आणि त्यांच्या सुनांसाठीं रोज रात्रीं सांगितली जाणारी एक निराळीच कथा सुरू झाली. तिची नायिका वऱ्हाडाला लागून असलेल्या नागपूरची होती व ती नागपुराकडची बोली बोलत होती. कथा धर्माची नव्हती, तत्त्वज्ञानाची तर नव्हतीच. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ हें तिचें नांव, झी मराठी ही तिची वाहिनी, आणि राधिका सुभेदार या नायिकेचें काम करणाऱ्या अभिनेत्री अनिता दाते-केळकर.

या बाई स्वतः वऱ्हाडच्या नव्हेत, नागपूरच्याहि नव्हेत. त्यांचा जन्म १९८० चा, नाशिकचा. नाट्यशास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण त्यांनीं पुणें विद्यापीठाच्या ललित कला केंद्रांत घेतलें. हें केंद्र १९८७ सालीं स्थापन झालें आणि १९९६ पासून २००९ पर्यंत नाटककार सतीश आळेकर त्याचे प्रमुख होते. पूर्वीं नट व्हावयाचें म्हणजे नाटक कंपनींत पोऱ्या म्हणून शिरावयाचें, बिऱ्हाडाबरोबर गांवोगांव फिरावयाचें व मालकाच्या शिव्या खात शिकावयाचें. मुलींना तीहि वाट मोकळी नव्हती. बालगंधर्वांच्या शालूची घडी ज्या काळांत महाराष्ट्रभर गाजत होती, त्या काळांत कुलीन घरच्या मुलीनें रंगभूमीवर पाऊल टाकणें हा अपराध होता. १९३३ सालीं नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकांत ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनीं स्त्रीभूमिका केल्या तेव्हां त्याची केवढी चर्चा झाली! त्यानंतर सत्तर वर्षांच्या आंत एका मुलीला विद्यापीठांत रीतसर वर्गांत बसून अभिनयाची पदवी घेतां यावी, हा पालट लहान नाहीं.

पदवी मिळाली म्हणजे काम मिळतें असें मात्र नाहीं. पुढचीं कित्येक वर्षें अनिताबाईंनीं ज्यास दुय्यम म्हणतात तशींच कामें केलीं. ‘सनई चौघडे’ (२००८), ‘पोपट’ (२०१३), ‘कॉफी आणि बरंच काही’ (२०१५) या चित्रपटांत त्या होत्या. ‘एका लग्नाची तिसरी गोष्ट’ या मालिकेंत त्या होत्या. हिंदींत ‘बालवीर’सारख्या मुलांच्या मालिकेंतहि त्यांनीं काम केलें. अशा भूमिकांत नटाला पाहणाऱ्यांना चेहरा ओळखीचा वाटतो, नांव आठवत नाहीं. छत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांना नायिकेची भूमिका मिळाली, आणि तीहि सुंदर म्हणून मिरवावयाची नव्हे. नवऱ्याला जिची लाज वाटते अशा बाईची होती.

येथें मालिका या प्रकाराविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. सुशिक्षित माणूस मालिकेचें नांव निघतांच नाक मुरडतो. तथापि आकाशवाणीच्या श्रोत्यांनीं तरी तसें करूं नये, कारण ही मुळांत आकाशवाणीचीच कन्या आहे. १९३० सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं इर्ना फिलिप्स नांवाच्या बाईनें एका नभोवाणी केंद्रासाठीं ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रोज चालणारी कौटुंबिक कथा लिहिली. ही बाई पूर्वीं शाळेंत शिकवीत असे. दुपारीं घरकाम करणाऱ्या बायका ऐकत आहेत, हें साबणाच्या कारखानदारांनीं हेरलें, त्यांनीं पैसा ओतला, आणि त्या प्रकाराला साबणाचें नांव कायमचें चिकटलें. याच बाईची ‘गायडिंग लाइट’ ही कथा १९३७ मध्यें नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्यें दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९ मध्यें संपली. तीन पिढ्यांनीं एक गोष्ट ऐकली! आपल्याकडे मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ होतें. प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे पंत हीं माणसें कोणीं डोळ्यांनीं पाहिलीं नव्हतीं, तरी तीं शेजारच्या बिऱ्हाडांतलीं वाटत. दूरचित्रवाणीचें मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. मनोहर श्याम जोशींनीं लिहिलेली ‘हम लोग’ ही हिंदी मालिका १९८४ च्या जुलैंत आली व देशभर घरोघरीं बोलली गेली. मराठींत सह्याद्री वाहिनीवर प्रतीक्षा लोणकर यांची ‘दामिनी’ गाजली, अल्फा मराठीवर सुकन्या कुलकर्णी यांची ‘आभाळमाया’. आणि ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे तीन हजारांहून अधिक भाग चालली. तिच्यांतील सासू रोहिणी हट्टंगडी होत्या. ‘गांधी’ चित्रपटांत कस्तुरबांचें काम करून ब्रिटिश अकादमीचें पारितोषिक मिळविलेली अभिनेत्री अकरा वर्षें रोज संध्याकाळीं मराठी घरांत सासू म्हणून येत होती, ही गोष्ट नाक मुरडणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावी.

या साऱ्या मालिकांतल्या नायिका बोलत कशा होत्या? पुण्याच्या. अपवाद करावयाचे ते दाराशीं आलेल्या भाजीवालीचे, घरच्या मोलकरणीचे, अगर विनोदासाठीं आणलेल्या एखाद्या दूरच्या नातेवाइकाचे. बोलीला प्रवेश होता, परंतु मागच्या दारानें.

वऱ्हाडी बोलीची ही कहाणी जुनी आहे. ग्रिअर्सननें आपल्या भाषापाहणीच्या १९०५ सालीं निघालेल्या सातव्या खंडांत वऱ्हाडी व नागपुरी या बोली एकत्रच तपासल्या आहेत आणि त्यांच्यांत फारसा भेद मानलेला नाहीं. ‘मला, तुला’ऐवजीं ‘मले, तुले’, ‘कां’ऐवजीं ‘काऊन’, ‘करीत आहे’ऐवजीं ‘करून राहिली’, आणि डोळ्याचा ‘डोया’: या खुणा कोणाच्याहि कानाला लगेच कळतात. वऱ्हाड हा प्रांत निजामाचा, मग इंग्रजांचा, मग मध्यप्रांताच्या गळ्यांत बांधलेला. कापसाच्या बाजारामुळें पैसा आला, वकील आले, डॉक्टर आले, नाटक मंडळ्या अमरावती-अकोल्याला मुक्काम करूं लागल्या. अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे तर स्वतः गाजलेले नाटककार. त्यांचें ‘रणदुंदुभि’ १९२७ सालीं रंगभूमीवर आलें. पण त्या नाटकांतली भाषा अमरावतीची नाहीं. ती असणेंहि शक्य नव्हतें. राजे, सेनापति आणि राजकन्या यांनीं ‘काऊन’ म्हटलें असतें तर प्रेक्षकांनीं शिट्ट्या वाजविल्या असत्या, आणि त्यांत वऱ्हाडी प्रेक्षक सर्वांच्या पुढें असते. आपल्या बोलीची लाज वाटावयास लावणारा माणूस नेहमींच बाहेरचा असतो असें नाहीं.

साहित्यांत ही कोंडी १९६० सालीं उद्धव शेळके यांच्या ‘धग’ कादंबरीनें फोडली. तिची नायिका कौतिक ही गरीब शिंप्याची बायको. आयुष्यभर ती झुंजते आणि वऱ्हाडी बोलते. (त्याच नांवाचा २०१२ चा चित्रपट या कादंबरीवरचा नव्हे; पुष्कळांची येथें गल्लत होते.) पुढें अकोल्याकडचे कवि विठ्ठल वाघ यांच्या वऱ्हाडी कविता गांवोगांवच्या संमेलनांत गाजल्या, व सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ मध्यें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. रंगभूमीवर मात्र ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या लक्ष्मण देशपांड्यांच्या एकपात्री प्रयोगाचें नांव ऐकून बाहेरगांवची माणसें हा वऱ्हाडप्रांताचा सन्मान समजत! तेथें वऱ्हाड म्हणजे लग्नाचें वऱ्हाड, आणि बोली मराठवाड्याची. दूरचित्रवाणीवर अमरावती जिल्ह्यांतले भारत गणेशपुरे यांनीं ‘फू बाई फू’ व पुढें ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमांतून वऱ्हाडी बोली साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची केली. त्यांची जीभ घरची आहे, त्यामुळें तिच्यांत खोट निघत नाहीं. परंतु तेंहि हंसविण्यासाठीं होतें. लोक वऱ्हाडी ऐकून हंसण्याच्या तयारीनेंच बसत.

अशा स्थितींत राधिका आली. अभिजित गुरू यांनीं लिहिलेली ही कथा थोडक्यांत अशी. नागपूरची राधिका लग्न होऊन मुंबईकडील एका गृहसंकुलांत संसार करते. नवरा गुरुनाथ मोठ्या कचेरींत अधिकारी. घरांत एक मुलगा. राधिकेचें जग स्वयंपाकघर, काटकसर, शेजारणी आणि लोणच्याच्या बरण्या यांत सामावलेलें. कचेरींतल्या शनाया या तरुण मुलीशीं गुरुनाथाचे संबंध जुळतात. नांवांतली ‘बायको’ कोणती, हा श्लेष पहिल्या दिवसापासून प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेला असतो. राधिकेला तें कळतें. ती रडते, मग भांडते, आणि पुढें स्वतःच्या हातच्या मसाल्यांचा धंदा उभा करून नवऱ्याच्या वरचढ होते. सासूसासरे मुलाच्या नव्हे, सुनेच्या बाजूस उभे राहतात. घटस्फोट होतो, आणि काळांतरानें राधिका सौमित्राशीं पुन्हां लग्नहि करते.

गोष्ट नवी नाहीं. तिच्यांत ताणाताण पुष्कळ आहे. एकाच लबाडीवर गुरुनाथ इतक्या वेळां पकडला जाऊन इतक्या वेळां सुटतो कीं, पाहणाऱ्याची सहनशीलता राधिकेहून अधिक असावी लागते. अखेरच्या वर्षांत तर कथा आपलीच शेपटी पकडून फिरूं लागली होती. हे दोष झांकण्याचें कारण नाहीं. साडेचार वर्षें रोज वीस-बावीस मिनिटांचा नवा मजकूर मागणाऱ्या यंत्रापुढें कोणत्याहि लेखकाची हीच गत होईल.

मात्र एक गोष्ट या मालिकेनें केली, आणि तिचें श्रेय लेखकाइतकेंच अनिताबाईंना आहे. राधिकेची बोली ही तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत तिचा कमीपणा होती. साडीची ठेवण, केसांची वेणी, डब्यांतला पदार्थ आणि ‘काय करून राहिले तुम्ही’ हा प्रश्न, हीं सर्व त्याच्या लेखीं एकाच जातीचीं होतीं. नेहमींच्या कथेंत अशी बाई पुढें केस कापते, इंग्रजी शिकते, शहरी होते आणि नवऱ्याला जिंकते. राधिका मोठ्या उद्योगाची मालकीण झाली तरी तिच्या बोलण्यांतलें नागपूर गेलें नाहीं. कारखान्यांत, बैठकींत, वकिलापुढें ती त्याच वळणानें बोलत राहिली. प्रेक्षक आरंभीं हंसले असतील. पुढें हंसण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, कारण जिला ते हंसत होते तिच्या दुःखांत ते गुंतून गेले होते.

नाशिकच्या मुलीनें शिकून उच्चारलेली ही बोली होती. सीताबर्डीवर लहानाचा मोठा झालेल्या माणसाच्या, किंवा मोर्शी-वरूडच्या शेतकऱ्याच्या कानाला ती जागोजाग सौम्य केलेली वाटेल. साऱ्या महाराष्ट्राला समजावी म्हणून तिचे कोपरे घासलेले आहेत, हेंहि उघड आहे. पण तिनें बोलीचा उपयोग चिमटा काढण्यासाठीं केला नाहीं. रागावतांना, आईच्या आठवणीनें गहिंवरतांना, मुलाला दटावतांना, हिशेब घालतांना अशा निरनिराळ्या प्रसंगीं तीच बोली वापरून दाखविली. प्रमाणभाषेच्या कैवाऱ्यांना ही साधी गोष्ट फार वर्षें पटवून देतां आली नव्हती, कीं बोलींत माणूस केवळ विनोद करीत नाहीं, सर्व कांहीं करतो.

मालिकेला लोकांनीं उचलून धरलें. प्रेक्षकसंख्येचे आंकडे २०१५ पासून दर आठवड्याला एका मध्यवर्ती संस्थेकडून प्रसिद्ध होतात व त्यांवर वाहिनीच्या जाहिरातींचा भाव ठरतो. मराठींतल्या त्या यादींत ही मालिका आठवडेच्या आठवडे पहिल्या स्थानीं होती. शनायेचें काम आरंभीं रसिका सुनील यांनीं केलें. २०१८ मध्यें त्यांच्या जागीं ईशा केसकर आल्या, आणि २०२० मध्यें रसिका पुन्हां परतल्या. गुरुनाथ झालेले अभिजित खांडकेकर अखेरपर्यंत राहिले, आणि राधिका तर बदलणें शक्यच नव्हतें. या धंद्यांतले कष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतात. सकाळीं रंग चढविला कीं रात्रीं उतरवीपर्यंत बारा-बारा तास जातात. संवाद ऐन वेळीं हातीं येतात. एकाच दिवशीं पुढच्या तीन भागांतले तुकडे मागेपुढें चित्रित होतात, म्हणजे सकाळीं नवऱ्याला घराबाहेर काढावयाचें, आणि दुपारीं त्याच्यावर अजून विश्वास असल्याचें दाखवावयाचें. नाटकांतल्या नटाला एक सलग संध्याकाळ मिळते. मालिकेंतल्या नटीला आपल्या भूमिकेचा धागा स्वतःच्या मनांत सांभाळून ठेवावा लागतो. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें सारें चित्रण बंद पडलें आणि उन्हाळाभर वाहिन्यांवर जुनेच भाग फिरत राहिले. पावसाळ्यांत काम पुन्हां सुरू झालें. ७ मार्च २०२१ रोजीं शेवटचा भाग दाखविला गेला.

लोकप्रियतेचा एक शाप असतो. राधिकेच्या साडींत ज्यांनीं अनिताबाईंना रोज पाहिलें, त्यांतल्या बहुतेकांना त्या त्याच वर्षांत दुसरें काय करीत होत्या याची वार्ता नव्हती. २०१८ च्या ऑक्टोबरांत ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट निघाला. कोंकणांतला वाडा, लोभ आणि शापित देव यांची ती भयकथा. तींत नायकाच्या पत्नीचें काम त्यांचें आहे. पदरांत दुःख बांधून घर चालविणारी ही बाईहि पतीच्या बाहेरच्या नादानें होरपळते. पण राधिकेप्रमाणें तिला ओरडून बोलण्याची सोय नाहीं. ती डोळ्यांनीं बोलते. एकाच काळांत एक अभिनेत्री एकाच दुःखाचीं दोन इतकीं वेगळीं रूपें देत होती, याची दखल समीक्षकांनीं फारशी घेतलेली नाहीं. पुढें परेश मोकाशी यांच्या ‘वाळवी’त (२०२३) तर त्या पुन्हां फसविल्या जाणाऱ्या पत्नीच झाल्या, मात्र या वेळीं काळ्या विनोदाच्या अंगानें. त्या चित्रपटास मराठीच्या उत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

परंतु वऱ्हाडच्या दृष्टीनें त्यांची मोलाची भूमिका निराळीच आहे, आणि ती दूरचित्रवाणीवरची नव्हे. निपुण धर्माधिकारी यांनीं दिग्दर्शित केलेला ‘मी वसंतराव’ हा चित्रपट १ एप्रिल २०२२ रोजीं प्रदर्शित झाला. गवई वसंतराव देशपांडे यांचें हें चरित्र. त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनींच त्यांचें काम केलें. वसंतराव हे अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूरचे. जन्म १९२० चा. आईनें त्यांना नागपुरास नेऊन वाढविलें आणि शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचें गाणें सुरू झालें. १९३५ मध्यें भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटांत ते बाळकृष्ण झाले. मग आयुष्याचीं चांगलीं वर्षें लष्कराच्या हिशेब खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं, आणि १९६७ सालीं ‘कट्यार काळजात घुसली’ मधल्या खांसाहेबांनीं त्यांना उशिरानें कां होईना, न्याय दिला. या साऱ्याच्या मुळाशीं एक बाई होती. नवऱ्याच्या घराबाहेर पडून, एकट्या हातानें, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मुलाला गाणें शिकविण्याची हिंमत करणारी. हें आईचें काम अनिताबाईंनीं केलें.

राधिकेची ही पणजी शोभावी. दोघींनींहि मुलासह संसार एकटीनें उभा केला. दोघींचें गांव नागपूर. पण मालिकेला जें वर्षानुवर्षें सांगावें लागलें तें येथें थोड्या प्रसंगांत सांगितलेलें आहे, आणि मालिकेंत जो विजय शेंकडों कोटींच्या धंद्यानें मोजला, तो येथें मुलाच्या गळ्यांतल्या एका तानेनें मोजला जातो. ही आई चित्रपटांत फार वेळ दिसत नाहीं. तरीहि वसंतरावांचा हट्टीपणा कोठून आला हें तिच्याकडे पाहून कळतें. साडेचार वर्षें नागपूरची बाई जगल्याचा येथें अनिताबाईंना उपयोग झाला असावा, असें म्हटल्यास तो तर्क फारसा चुकणार नाहीं.

मालिकेंतून मिळालेल्या नांवाला चिकटून बसण्याचा मोह त्यांनीं टाळला, हेंहि खरें. ‘नवा गडी नवं राज्य’ (२०२२) मध्यें त्यांनीं मृत पहिली पत्नी केली. घरांत वावरते, पण दिसत नाहीं, अशी. त्यापुढें २०२४ च्या मार्चमध्यें कलर्स मराठीवर ‘इंद्रायणी’ सुरू झाली. कीर्तनाची ओढ असलेल्या इंदू नांवाच्या चिमुरड्या मुलीची ही कथा, आणि तींतली करारी, छळणारी आनंदीबाई म्हणजे अनिताबाई. ज्या घरांतून राधिकेसाठीं उसासे निघाले होते त्याच घरांतून आनंदीबाईला बोल लागूं लागले.

त्याच वर्षीं रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें. डॉ. अविनाश आवलगांवकर हे त्याचे पहिले कुलगुरु. ऑक्टोबराच्या तीन तारखेस केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली, आणि तिच्या प्राचीनत्वाचा दाखला देतांना लीळाचरित्राचें नांव पुन्हां सर्वतोमुखीं झालें. हा ग्रंथ शतकानुशतकें सांकेतिक लिप्यांत बंद होता. १९३६ पासून ह. ना. नेने यांनीं नागपुराहून तो छापावयास आरंभ केला, आणि मलकापूर भागांतल्या नरवेल गांवीं जन्मलेल्या वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ति १९७८ सालीं निघाली. आतां त्याच गांवीं विद्यार्थी येऊन मराठी शिकतात. वर्गांतली त्यांची भाषा ग्रंथाची असते. वर्ग सुटला कीं बाहेरच्या चहाच्या टपरीवर ‘काऊन बापा’ ऐकूं येतें, आणि संध्याकाळीं गांवांतल्या घरांतून मालिकांचे आवाज.